जायंट्सची तीन विजेतेपदं आणि कुणाच्या लक्षात न राहिलेली माणसं

सनीव्हेलकर

२०१०, २०१२ आणि २०१४. पाच वर्षांत तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची फायनल. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा विषय निघाला की नावं ठरलेली असतात: बस्टर पोझी, मॅडिसन बमगार्नर, टिम लिन्सेकम, पाब्लो सँडोव्हाल. ही माणसं मोठी आहेतच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या तिन्ही वर्षी मी बे एरियात राहून ऑक्टोबर महिना जागून काढलाय, आणि माझं ठाम मत आहे की इतर संघांनी सोडून दिलेली माणसं नसती, तर या तीनपैकी एकही ट्रॉफी इथे आली नसती. त्यांच्यासाठी हा धागा.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जायंट्स १९५८ साली न्यूयॉर्कहून इथे आले. त्याआधीचं शेवटचं विजेतेपद १९५४ चं, न्यूयॉर्कमधलं. इथे आल्यावर १९६२, १९८९ आणि २००२ अशा तीन फायनल हरले. विली मेज आणि बॅरी बाँड्ससारखे दिग्गज या शहरात खेळले, पण शहराला ट्रॉफी मिळाली नाही. ती पहिल्यांदा मिळवून दिली २०१० च्या संघाने, आणि त्या संघात निम्मी माणसं उचलून आणलेली होती.

सुरुवात १ नोव्हेंबर २०१० पासून करतो. टेक्ससमधल्या आर्लिंग्टनला पाचवा सामना. सातव्या इनिंगपर्यंत (एकूण नऊ असतात) ०-०. समोर पिचर क्लिफ ली. कोडी रॉस आणि हुआन उरिबे यांनी लागोपाठ सिंगल मारून दोन बेस गाठले, आणि बॅटिंगला आला ऑब्री हफ. त्या मोसमातला संघाचा सर्वात भरवशाचा बॅटर. सगळ्यांना वाटलं, हा जोरात फिरवणार. त्याने बॅट आडवी धरली आणि चेंडू नुसता जमिनीवर ठेवला. स्वतः आऊट झाला, पण दोघं एकेक बेस पुढे सरकले. दहा वर्षांहून जास्त कारकीर्द झालेल्या हफचा हा आयुष्यातला पहिला सॅक्रिफाइस बंट! पुढचा पॅट बरेल स्ट्राइक आऊट (तीन स्ट्राइक झाल्याने बाद). दोन आऊट झाले आणि आला एडगर रेंटेरिया, दुखापतींमुळे त्या मोसमात जेमतेम ७२ सामने खेळलेला. त्याने लीला होम रन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर, आणि बेसवरचे दोघं धरून तीन धावा. सामना ३-१, विजेतेपद आपलं, आणि रेंटेरिया वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू.

रेंटेरियाचं नाव निदान ट्रॉफीवर तरी आहे. हफचा तो बंट मात्र आज कुणाला आठवतो?

मुठेकाठची

क्रिकेटवर वाढलेली आहे, बेसबॉल गेल्या वर्षापासून बघायला लागलेय. छान लिहिलंय. दोन शंका आहेत. "उचलून आणलेली" म्हणजे नेमकं काय? मोसम अर्धा संपल्यावर दुसऱ्या संघाचा खेळाडू आपल्याकडे येऊ शकतो? आणि तो थेट फायनल खेळतो?

सनीव्हेलकर

ताई, हो, येऊ शकतो. साधारण जुलैअखेरपर्यंत संघ आपापसात खेळाडूंची अदलाबदल करतात. त्यानंतर त्या काळी 'वेव्हर'ची वाट होती. खेळाडू नको झाला की संघ त्याला वेव्हरवर टाकायचा, आणि ज्याला हवा त्याने त्याच्यावर हक्क सांगायचा, पगारही त्यानेच द्यायचा. क्रमवारीत खाली असलेल्या संघाला आधी संधी. ऑगस्टअखेरपर्यंत आलेला खेळाडू प्लेऑफ (मोसमानंतरचे बाद फेरीचे सामने) खेळू शकतो.

कोडी रॉस याच वाटेने आला. ऑगस्ट २०१० मध्ये फ्लोरिडा मार्लिन्सनी त्याला सोडलं. आपली तेव्हा सॅन डिएगो पॅड्रेसशी गटात अटीतटीची चढाओढ चालू होती, आणि रॉस त्यांच्या हाती लागू नये हा जायंट्सचा मुख्य हेतू होता. म्हणजे आणला तो दुसऱ्याला मिळू नये म्हणून. गटाचा निकाल मोसमाच्या शेवटच्या दिवशी त्याच पॅड्रेसना हरवून लागला.

मग ऑक्टोबर. लीगच्या फायनलमध्ये (वर्ल्ड सिरीजच्या आधीची पायरी) फिलाडेल्फियाविरुद्ध पहिला सामना, समोर रॉय हॅलडे. या हॅलडेने आदल्याच सामन्यात सिनसिनाटीला एकही हिट (बेस मिळवून देणारा फटका) दिली नव्हती. प्लेऑफच्या इतिहासातला तो दुसराच नो-हिटर. आणि रॉसने त्याला एकाच सामन्यात दोन होम रन मारले. सामना आपण ४-३ जिंकलो. दुसऱ्या दिवशी रॉय ओस्वाल्टला आणखी एक. त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू रॉस ठरला. दोन महिन्यांपूर्वी त्याच्याच संघाला तो नको होता.

फ्रीमाँटची_सुगरण

माझा खेळाडू मार्को स्कुटारो. धाग्यात त्याचं नाव अजून आलं नाही म्हणून मुद्दाम लॉगिन केलं.

व्हेनेझुएलाचा हा माणूस जुलै २०१२ मध्ये कोलोराडोहून आला तेव्हा ३६ वर्षांचा होता. आमच्या घरात त्याचं नावसुद्धा कुणी धड ऐकलेलं नव्हतं. ताकद फार नाही, वेग नाही. पण चेंडू बॅटला लागल्याशिवाय सुटायचा नाही. बाकीचे बॅटर हवेत बॅट फिरवून स्ट्राइक आऊट होतात, हा प्रत्येक चेंडूला कुठेतरी टोला लावणारच. जायंट्सकडून त्या मोसमात ६१ सामन्यांत .३६२ ची सरासरी.

सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्धच्या मालिकेत दुसऱ्या सामन्यात मॅट हॉलिडे दुसऱ्या बेसवर असा घसरत आला की त्याचं सगळं वजन स्कुटारोच्या पायावर आलं. तो जमिनीवर कळवळत होता ते मला अजून दिसतं. मला वाटलं, संपला याचा मोसम. तो उठला, खेळत राहिला, आणि चौथ्या इनिंगमध्ये बेस भरलेले असताना हिट मारली. मग कंबर आणि पाय आखडले तेव्हा कुठे बाहेर गेला. पुढच्या सामन्यात परत हजर! सात सामन्यांत २८ पैकी १४ हिट्स, म्हणजे बरोबर .५००.

सातवा सामना आपल्याच पार्कात, ९-० ने पुढे, नवव्या इनिंगमध्ये धो धो पाऊस. पंचांनी खेळ थांबवला नाही. त्या पावसात स्कुटारो हात पसरून, तोंड वर करून, डोळे मिटून उभा राहिला. शेवटचा उंच उडालेला चेंडू त्याच्याच हातात आला, आणि तो मारणारा बॅटर कोण, तर मॅट हॉलिडे.

सेंटलुईसवासी

मी कार्डिनल्सवाला, त्यामुळे हा धागा वाचताना पोटात कालवाकालव होतेय. तरीही लिहितो, कारण खरं ते खरं.

त्या मालिकेत आम्ही ३-१ ने पुढे होतो. पाचवा सामना आमच्या बुश स्टेडियममध्ये. समोर बॅरी झिटो. स्टेडियममध्ये माझ्या आजूबाजूचे लोक आधीच फायनलच्या तिकिटांचं बोलत होते. झिटोचा फास्टबॉल ८५ मैलांच्याही खाली, पण त्या रात्री तो कोपऱ्याकोपऱ्यात असा टाकत होता की आमच्या बॅटरना काही सुचेना. ७ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंग, एकही धाव नाही. वर चौथ्या इनिंगमध्ये त्याने तिसऱ्या बेसच्या बाजूला बंट करून स्वतःच एक धावही काढून दिली. ५-०. तिथून आमचं सगळं फिसकटलं.

त्याच मालिकेत दुसऱ्या आणि सहाव्या सामन्यात आम्हाला रायन व्होगलसाँगने गुंडाळलं. दोन्ही वेळा सात इनिंग, दोन्ही वेळा एकच धाव.

मुठेकाठची

झिटोला सात वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलर मिळाले होते असं आत्ता वाचलं. मग तो दुर्लक्षित कसा?

सनीव्हेलकर

रास्त प्रश्न. पैशाच्या हिशेबात तो दुर्लक्षित नव्हताच, उलट त्या पैशामुळेच सहा वर्षं शिव्या खात होता. पण २०१० च्या प्लेऑफमध्ये संघाने त्याला पंचवीस जणांतसुद्धा घेतलं नव्हतं. संघ पहिल्यांदा विजेता झाला आणि हा कठड्याला टेकून बघत होता. एवढा अपमान गिळून कुणीही कडवट झालं असतं. तो नुसता काम करत राहिला. २०१२ मध्ये झिटोने सुरुवात केलेले शेवटचे १४ सामने, प्लेऑफ धरून, संघाने जिंकले. वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात समोर जस्टिन व्हर्लँडर होता, तोही झिटोने जिंकला. त्या रात्रीचे सँडोव्हालचे तीन होम रन सगळ्यांना पाठ असतात, झिटो नाही.

व्होगलसाँगबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं. १९९८ साली जायंट्सनीच त्याला निवडलं. २००१ मध्ये पिट्सबर्गला देऊन टाकलं. तिथे कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, मग उतरती कळा. तीन मोसम जपानमध्ये खेळला, हानशिन टायगर्स आणि ओरिक्स बफेलोजकडून. परत आल्यावर २०१० मध्ये मायनर लीगमध्ये (खालच्या पातळीवरच्या स्पर्धेत), तिथेही एका संघाने मोसमाच्या मध्यावर काढून टाकलं. ३३ व्या वर्षी कोण विचारतंय? जायंट्सनी मायनर लीगचा करार दिला. एप्रिल २०११ मध्ये झिटोचा पाय दुखावला म्हणून जागा रिकामी झाली, आणि हा माणूस त्याच वर्षी ऑल-स्टार झाला, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंत गेला.

२०१२ च्या ऑक्टोबरात चार सामने, तीन विजय, १.०९ चा ईआरए. (नऊ इनिंगला सरासरी किती धावा दिल्या तो आकडा.) वर्ल्ड सिरीजमध्ये डेट्रॉइटला तिसऱ्या सामन्यात पाचव्या इनिंगमध्ये बेस भरलेले होते. क्विंटिन बेरीला स्ट्राइक आऊट केलं, आणि पुढे मिगेल कब्रेरा. त्या वर्षीचा ट्रिपल क्राऊन विजेता, म्हणजे सरासरी, होम रन, आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर संघाला मिळालेल्या धावा) तिन्हीत पहिला. १९६७ नंतर कुणाला ते जमलं नव्हतं. व्होगलसाँगने आत, बोटांजवळ चेंडू टाकला आणि कब्रेराचा साधा झेल उडाला. डेट्रॉइट त्या मालिकेत सावरलंच नाही.

नवेघर_जर्सी

यांकीजवाला असल्यामुळे गप्प बसणार होतो. १९९६ चा जिम लेरिट्झ किंवा २००४ च्या बोस्टनचा डेव्ह रॉबर्ट्स (एका चोरलेल्या बेससाठी) ही नावं तरी लोकांना आठवतात. पण मला एक पटत नाही. २०१४ ची ट्रॉफी एकट्या बमगार्नरची आहे. वर्ल्ड सिरीजमध्ये २१ इनिंग, एक धाव. दोन विजय आणि एक सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखणं). पाचव्या सामन्यात ११७ चेंडू टाकले आणि मोजून दोन दिवस विश्रांती घेऊन सातव्यात परत पाच इनिंग. त्या संघात बाकी कोण होतं? उगाच सगळ्यांना श्रेय वाटायची गरज नाही.

सनीव्हेलकर

दादा, बमगार्नरचं श्रेय एक कणभरही कमी करायचं नाहीये. तसं पिचिंग मी पुन्हा पाहीन असं वाटत नाही. पण तो पाचव्या इनिंगला आला तेव्हा संघ ३-२ ने पुढे होता. ते ३-२ कुणी केलं ते बघा.

सातव्या सामन्याची सुरुवात टिम हडसनने केली, वय ३९. दुसऱ्या इनिंगमध्येच २-२ झालं आणि आपला मॅनेजर ब्रूस बोची याने त्याला काढलं. कान्सास सिटीचं पब्लिक पेटलेलं. तेव्हा जेरेमी ॲफेल्टला आणलं. एरवी सातव्या-आठव्या इनिंगला येणारा माणूस दुसऱ्याच इनिंगला! त्याने सात आऊट काढले, एकही धाव दिली नाही. तिसऱ्या इनिंगमध्ये लोरेंझो केन पहिल्या बेसवर असताना एरिक हॉस्मरने चेंडू पिचरच्या बाजूने मधून मारला. तो सेंटर फील्डला जाणार हे उघड होतं. जो पॅनिक, त्याच वर्षी वर आलेला पोरगा, त्याने सूर मारून चेंडू अडवला आणि पडल्यापडल्या ग्लोव्हमधूनच ब्रँडन क्रॉफर्डकडे ढकलला. चेंडू हातात घ्यायला वेळच नव्हता. तिथून पहिल्या बेसला थ्रो. पंचांनी हॉस्मरला सेफ दिलं, बोचीने रिव्ह्यू मागितला, आणि निर्णय फिरला. डबल प्ले, एकाच चेंडूवर दोघं आऊट. हॉस्मर डोकं पुढे करून घसरत आला, तो धावत राहिला असता तर बहुधा पोहोचला असता.

चौथ्या इनिंगमध्ये माइक मोर्सच्या सिंगलवर तिसरी धाव. मग बमगार्नर. आणि त्याच्या पहिल्याच इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर रनर असताना नोरी आओकीने डाव्या रेषेला लागून चेंडू मारला. तो खाली पडला असता तर तिथेच ३-३. हुआन पेरेझ नेमका त्या कोपऱ्यात सरकून उभा होता, त्याने धावत जाऊन झेल घेतला. पेरेझ बॅटिंगसाठी संघात नव्हताच, तो अशाच झेलांसाठी होता.

सामन्याचा विजय एका पिचरच्या नावावर लागतो. तोही आधी बमगार्नरच्या नावावर लावला होता. नंतर अधिकृत स्कोअररने तो बदलून ॲफेल्टला दिला. नोंदवही तुमच्याशी असहमत आहे एवढंच म्हणतो.

सेंटलुईसवासी

हुआन पेरेझचं नाव आलं म्हणून सांगतो. २६ ऑक्टोबर २०१४, पाचव्या सामन्याची रात्र. आमचा ऑस्कर ताव्हेरास, २२ वर्षांचा, त्या दिवशी डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये मोटार अपघातात गेला. पेरेझचा तो मित्र. ती बातमी पेरेझला सामना चालू असतानाच कळली. आठव्या इनिंगमध्ये त्याला बॅटिंगला यावं लागलं, समोर वेड डेव्हिस, त्या वर्षीचा सर्वात कठीण रिलीव्हर (मधूनच येणारा बदली पिचर). पेरेझने चेंडू सेंटर फील्डच्या भिंतीच्या वरच्या कडेवर मारला, दोन धावा आल्या. दुसऱ्या बेसवर उभ्या पेरेझच्या मनात काय चाललं असेल ते माझ्याच्याने लिहवत नाही. त्या रात्रीपुरता मी जायंट्सचा होतो.

बुलपेनचा_भक्त

उशिरा आलो, पण माझा विषय कुणी घेतलेला नाही. हाव्हिएर लोपेझ.

डावखुरा पिचर, हात कमरेच्या उंचीवरून आडवा यायचा. डावखुऱ्या बॅटरला तो चेंडू आपल्या पाठीमागून निघाल्यासारखा दिसतो, त्यामुळे पाय आपोआप मागे सरकतो आणि तोवर चेंडू बाहेरच्या कोपऱ्यावर पोहोचलेला असतो. लोपेझचं काम एवढंच: समोरच्या संघाचा मोठा डावखुरा आला की यायचं, त्याला आऊट करायचं, परत जायचं. कधी कधी एका बॅटरसाठी. जुलै २०१० मध्ये पिट्सबर्गहून आणला आणि ऑक्टोबरात त्याने फिलाडेल्फियाच्या चेस अटली आणि रायन हॉवर्डला जखडून टाकलं. कारकिर्दीत चार विजेतेपदांच्या अंगठ्या, एक २००७ च्या बोस्टनची आणि तीन इथल्या.

ॲफेल्ट, सांतियागो कॅसिया, सर्जियो रोमो आणि लोपेझ हे चौघे तिन्ही वर्षं एकत्र होते. यातला रोमो नव्या खेळाडूंच्या निवडीत २८ व्या फेरीत घेतलेला. २०१२ मध्ये क्लोझर (शेवटची इनिंग टाकणारा) ब्रायन विल्सनचा कोपर एप्रिलमध्येच गेला, तर त्याचं काम शेवटी रोमोने उचललं. त्या वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या सामन्यात दहाव्या इनिंगला कब्रेराला स्लायडरवर स्लायडर (वळणारे चेंडू) टाकले, आणि मग एकदम मधोमध ८९ मैलांचा साधा फास्टबॉल. कब्रेरा बघत राहिला. स्ट्राइक तीन, ट्रॉफी!

बोचीचं मोठेपण मला इथे दिसतं. कुणाला किती जमतं हे त्याला नेमकं माहीत होतं आणि तो त्यापेक्षा जास्त कधी मागत नसे. २०२० पासून रिलीव्हरने निदान तीन बॅटरना सामोरं जायलाच हवं असा नियम झालाय. लोपेझसारखी कारकीर्द आता घडणार नाही.

फ्रीमाँटची_सुगरण

त्याच शेवटच्या सामन्यातलं अजून एक. रायन टेरिओ दुसऱ्या बेसचा खेळाडू, स्कुटारो आल्यावर त्याची जागा गेली. तक्रार नाही, रुसवा नाही. दहाव्या इनिंगमध्ये टेरिओने सिंगल मारला, क्रॉफर्डने बंट करून त्याला पुढे ढकललं, आणि स्कुटारोच्या हिटवर तो धावत होम प्लेटवर आला. ज्याच्यामुळे जागा गेली त्याच्याच हिटवर विजयी धाव. तो घसरत आला आणि उठून ओरडला, तेव्हा आमच्या हॉलमध्ये सगळेच ओरडत होतो.

गोदातीरी

वाचून १९८३ आठवलं. कपिल, मोहिंदर सगळ्यांना माहीत. पण फायनलला गॉर्डन ग्रीनिजने बॅट वर उचलून सोडलेला आणि आत येऊन स्टंप उडवणारा बलविंदर संधूचा चेंडू? तिथून सामना उघडला.

इशिकावाबद्दल कुणी लिहा ना. नाव ऐकलंय, गोष्ट माहीत नाही.

सनीव्हेलकर

ट्रॅव्हिस इशिकावा. २००२ साली जायंट्सनीच निवडलेला फर्स्ट बेसमन, २०१० च्या संघातही होता. मग या संघातून त्या संघात. २०१४ ची सुरुवात पिट्सबर्गकडून, एप्रिलमध्ये तिथून काढलं. जायंट्सनी मायनर लीगचा करार देऊन फ्रेझ्नोला पाठवलं. तिथे खेळ सोडून द्यावा असं त्याच्या मनात आलं होतं. सप्टेंबरअखेर मोर्स जखमी, लेफ्ट फील्डला माणूस नाही, म्हणून बोचीने याला तिथे उभं केलं. ती त्याची जागाच नव्हती.

१६ ऑक्टोबर, कार्डिनल्सविरुद्ध पाचवा सामना. तिसऱ्या इनिंगमध्ये जॉन जेचा उंच चेंडू इशिकावाला अंदाज न आल्यामुळे डोक्यावरून गेला आणि धाव आली. बोचीने त्याला काढलं नाही. आठव्या इनिंगमध्ये मोर्सने बदली म्हणून येऊन होम रन मारला, ३-३. नवव्या इनिंगमध्ये दोन रनर बेसवर, समोर मायकेल वाका, जो जवळजवळ तीन आठवडे सामन्यात उतरलाच नव्हता. इशिकावाने चेंडू उजव्या भिंतीवरच्या बाकांत पोचवला. जायंट्सचाच पिचर जेक पीव्ही, त्याला वाटलं चेंडू मैदानातच पडणार आणि एक धाव पुरे, म्हणून तो आधीच मैदानात धावत सुटला होता आणि इशिकावाला वाटेतच गाठलं. इशिकावाला त्याला बाजूला सारून बेस पुरे करावे लागले. होम रनने लीगचं विजेतेपद मिळवण्याची जायंट्सची याआधीची वेळ १९५१ ची, बॉबी थॉमसनची.

मुठेकाठची

या सगळ्यांतला एकच सामना पूर्ण बघायचा असेल तर कुठला बघू?

बुलपेनचा_भक्त

ताई, ४ ऑक्टोबर २०१४, वॉशिंग्टन. १८ इनिंग, सहा तास तेवीस मिनिटं, बोचरी थंडी. बाराव्या इनिंगला युस्मेरो पेटिट येतो. फास्टबॉल ९० मैलांनाही कष्टाने पोचणारा, पण त्याच उन्हाळ्यात लागोपाठ ४६ बॅटरना आऊट करून विक्रम केलेला. सहा इनिंग, एक हिट, शून्य धावा. मग अठराव्यात ब्रँडन बेल्टचा होम रन, २-१.

सगळा बघायला वेळ नसेल तर नवव्या इनिंगपासून लावा. दोन आऊट झाल्यावर पॅनिक चार बॉलवर बेस मिळवतो, वॉशिंग्टनवाले आपला पिचर झिमरमन याला काढतात, आणि पोझी व सँडोव्हाल लागोपाठ हिट मारून १-१ करतात. तिथपासून पेटिटपर्यंत थांबा, आणि त्याच्या हातातून चेंडू कधी सुटतो ते बॅटरला किती उशिरा दिसतं तेवढं बघा. झालं की इथे लिहा, मला वाचायचंय.